अस्तराचं पान

माणसाच्या ओढींची मुळं शोधणाऱ्या इच्छामूळदर्शक यंत्राच्या पाळण्यात आडवं होण्याआधी डॉ. नीलांबरी शिंत्रेने कानातल्या कुड्या काढून टेबलावर ठेवल्या आणि समोरच्या माणसाला बजावलं, "नाडगौडा, माझ्या डोक्यात जे सापडेल ते जसंच्या तसं अहवालात जाईल. मागाहून मखलाशी नको."

"मखलाशी कशाला लागेल, मॅडम? तुम्हीच तर आमचा पुरावा!"

विश्राम नाडगौडा हे 'आरसी'चे मुख्य अभियंता. आरसी म्हणजे आत्मरचित मासिक. दिसायला कागदच, पण प्रत्येक पान वाचणारीच्या नजरेबरहुकूम स्वतःला रचणारं. पानात विणलेला नेत्रवेधक डोळा कुठे रेंगाळतो ते टिपून ठेवी आणि पुढच्या अंकात तेच वाढून येई. पैठणीवर रेंगाळलात की पैठण्या, गोरं करणाऱ्या मलमावर रेंगाळलात की मलमं. ही आरसी राज्यातल्या प्रत्येक शाळकरी मुलीच्या हाती फुकट द्यायची, असं ठरत आलं होतं. घोडं अडलं होतं ते नीलांबरीच्या सहीपाशी. मासिक वाचणारीची इच्छा फक्त दाखवतं, घडवत नाही, असा निर्वाळा तिच्या कोल्हापूरच्या प्रयोगशाळेने द्यायचा होता.

नाडगौडांचा युक्तिवाद त्यांच्या मते बिनतोड होता. नीलांबरी गडहिंग्लजची. वडील कडक शिस्तीचे मास्तर. मुलीला अभ्यासाखेरीज वाचायला घरात एकच मासिक, 'संसारिका'. "नवऱ्याचं मन कसं राखावं, पाहुण्यांपुढे ट्रे कसा धरावा, हे वाचत तुम्ही वाढलात आणि झालात प्रकाशशास्त्रज्ञ. मासिकानं माणूस घडत असता तर आज तुम्ही लोणची घालत असता!"

नीलांबरीला हे ऐकायला आवडे. मी माझी घडले, कुणाच्या टेकूवर उभी नाही, हा ताठा तिने जन्मभर जपला होता. लोणचं तिला खरोखरच येत नव्हतं. ते तिचा भाऊ झकास घालायचा, तेही त्याच संसारिकेतून चोरून वाचून.

यंत्र थांबलं. पडद्यावर एकेका ओढीचं मूळ उलगडू लागलं. न्हाणीघरातल्या मलमांच्या बाटल्यांचं मूळ संसारिकेच्या शेवटच्या पानावर निघालं. गरम भाकरी आधी भावाच्या पानात वाढायच्या सवयीचं मूळ निघालं एका गोष्टीतल्या चित्रात. नाडगौडा घसा खाकरून छताकडे पाहू लागले. नीलांबरीचे कान तापले.

"आता भिंग-आरशांची ओढ काढा," ती म्हणाली. इथे तरी 'मूळ सापडत नाही' असं येईल, याची तिला खात्री होती.

पडद्यावर एक निळसर चित्र उमटलं. पदर खोचलेली एक बाई जाडजूड गोल काच घासत बसली होती. मागे अर्धवट जोडलेली दुर्बीण. चित्राभोवती तपकिरी पुठ्ठ्याची कड.

"ही कोण?" नाडगौडांनी विचारलं.

"मला आठवत नाही."

"म्हणजे एखाद्या वेळी ओझरतं पाहिलं असेल."

"ओझरतं पाहिलेलं इतकं खोल जात नाही. एकदा चाललं तर पाऊल उमटतं. पायवाट व्हायला तिथून रोज जावं लागतं. हे मी शेकडो वेळा पाहिलेलं असणार."

"आणि तरी आठवत नाही?"

"म्हणूनच तर खोल गेलं. लक्ष देऊन वाचतो त्याच्याशी मन वाद घालतं. नजरेच्या काठावरून जे रोज आत शिरतं, त्याला दारात अडवणार कोण? जाहिरातवाल्यांना हे आपल्या आधीपासून कळलंय."

नाडगौडांनी संसारिकेचे सगळे जुने अंक यंत्राकडून चाळून घेतले. असं चित्र एकाही अंकात नव्हतं. पुठ्ठ्याची ती कड पाहता पाहता नीलांबरीच्या नाकात मात्र कागद चिकटवायच्या खळीचा आंबूस वास भरला आणि तिला हत्तरकी काकू आठवल्या.

काकूंचं फिरतं वाचनालय होतं. मासिकं घरोघर फिरून महिन्याभरात चिंध्या व्हायची, म्हणून काकू प्रत्येक अंक पुठ्ठ्यात शिवून, आतून कागदाचं अस्तर लावून मगच पाठवायच्या. म्हणजे वडिलांच्या नाकावर टिच्चून, संसारिकेच्या पोटात लपवून, या बाईने आपल्याला दुसरं जग दाखवलं! दुसऱ्याच दिवशी नीलांबरीने गडहिंग्लज गाठलं. ताठा दुखत होता, पण काकूंचे पाय धरायची घाई त्याहून मोठी होती.

काकूंनी ऐंशी ओलांडली होती. "शिंत्रे मास्तरांची नीलू नव्हे तू? ये, बस की गं."

नीलांबरीने सगळं सांगितलं. काकू ऐकत राहिल्या आणि मग तोंडाला पदर लावून हसत सुटल्या.

"अगं, मी कसली शहाणी! विज्ञानाचं एक मासिक होतं. एकदा माझ्याच हातनं मागणी चुकली आणि एकाच अंकाच्या पेट्याच्या पेट्या येऊन पडल्या. एजंट परत घेईना, लोक वाचेनात. फेकून द्यायचा काय एवढा चकचकीत कागद? वर्षानुवर्षं त्यातलंच पान अस्तराला लावलं. बाकीचा कागद पातळ होता, मधलं हे तेवढं जाड."

"पण चित्र बरोबर वरच्या बाजूला कसं?"

"पानाच्या एका अंगाला टायरची जाहिरात, दुसऱ्या अंगाला ही बाई. बायकांचं मासिक, त्यात टायर कुठं शोभतो? बाई वर घेतली."

नीलांबरीही हसू लागली, आणि हसता हसता तिचे डोळे वाहू लागले. एक चुकलेली मागणी, काटकसर, आणि बायकांच्या मासिकात टायर शोभत नाही हा हिशेब. तिचं सगळं कर्तृत्व एवढ्यावर उभं होतं. तिला वाटलं होतं, हे कळल्यावर आपण लहान होऊ. उलट अंगावरचं ओझं उतरल्यासारखं मोकळं वाटलं. "काकू, माझा अख्खा जन्म तुमच्या खळीनं चिकटवलाय," असं म्हणत ती पाया पडायला वाकली, तर काकूंनी तिचे दंड धरून तिला वरच्यावर उभं केलं. "चुकीच्या कोण पाया पडतं गं!"

तेवढ्यात नीलांबरीच्या मनातली शास्त्रज्ञ जागी झाली. आपल्या घरी महिन्याला एक अंक यायचा. मग ते चित्र सर्वांत जास्त वेळा कुणी पाहिलं?

"काकू, अस्तरं कोण चिकटवायचं?"

"मीच. दुसरं कोण?"

"सगळी? मग तुम्हाला कधी काच घासावीशी नाही वाटली?"

काकू एकाएकी गोऱ्यामोऱ्या झाल्या. आतून सुनेचा आवाज आला, "दाखवा की त्यांना, गच्चीवरचं तुमचं लेकरू!"

गच्चीवर जुन्या लुगड्याखाली झाकलेली दुर्बीण होती. नळी पत्र्याची, बैठक लाकडी घडवंचीची, आणि तळाशी हाताने घासलेला गोल आरसा. नीलांबरीने डोळा मागेपुढे करत त्यातलं प्रतिबिंब तपासलं. वक्रता निर्दोष होती.

"साठीनंतर खूळ शिरलं," काकू ओशाळून म्हणाल्या. "वाती वळायच्या वयात काचेवर काच घासत बसले. गल्ली हसली. पण हात थांबेनात. कुठनं सुचलं, देव जाणे."

"ती चित्रातली बाई, काकू."

"छे! ते तर अस्तर होतं. अस्तराकडे कोण बघतं?"

नीलांबरीने तिथूनच नाडगौडांना फोन लावला. "मासिक इच्छा घडवतं, असंच अहवालात जाईल. तरीही वाटपाला माझी सही हवी असेल तर एक अट. प्रत्येक मुलीच्या प्रत्येक अंकात एक पान तिच्या नजरेनं न निवडलेलं असेल. पुठ्ठ्याच्या आत, कायमचं, न बदलणारं."

"त्यात छापायचं काय?"

"तुमच्याकडे जे कुणीच वाचत नाही, पडून राहिलंय, त्यातलं हाताला लागेल ते. मुलगी बघून निवडायचं नाही."

"मॅडम, पण त्या पानाकडे कुणी बघणारसुद्धा नाही!"

"तेच तर हवंय," नीलांबरी म्हणाली.

तिन्हीसांज होत आली होती. काकू दुर्बिणीची नळी हळूहळू फिरवत होत्या. "फोन ठेव गं आता. चंद्र निसटायच्या आत बघून घे."

काकूंनी पाया पडू दिलं नव्हतं. पण त्यांची दुर्बीण बुटकी होती. तिच्यातून बघायला नीलांबरीला पुरतं वाकावं लागलं, आणि ती बराच वेळ तशीच वाकून राहिली.