मर्वची गाठ

आमच्याकडे, मेलबर्नजवळच्या मॅसिडॉन डोंगराच्या उतारावर, ऑगस्ट संपत आला, थंडी ओसरू लागली, की बागेतलं शोभेचं गवत कापून टाकतात. आधी ठोंब काठीने बडवायचा, आत सरडा झोपला असेल तर उठून जावा म्हणून. मग निळ्या दोरीने त्याची कंबर आवळायची आणि बुडाशी कापायचं. बांधलं की कापायचंच, बांधून ठेवून द्यायचं नाही. हे मला मर्वने शिकवलं. माझं पोट लोकांच्या बागांवर चालतं, ते त्याच्यामुळे.

मर्व गेल्या हिवाळ्यात वारला. त्याची बायको हेझल दोनदा पडली, तरी घर सोडेना. "त्याचं गवत उभं आहे, मी कशी जाऊ?" एवढंच म्हणायची. शेवटी तिची लेक लिनेट मला म्हणाली, "डॉट, काप ते एकदाचं. तिसऱ्यांदा पडली तर संपलंच."

मी भर दुपारी गेले, पण धुकं असं की कुंपण दिसत नव्हतं. वारा अजिबात नव्हता. गवत मात्र सळसळत होतं, आणि कुजक्या पात्यांचा वास नाकात बसला होता.

पहिला ठोंब बांधला, कापला. दुसऱ्याकडे वळले, तर तो बांधलेला. त्याच्या पुढचाही. गाठ उलटी होती, शेपूट आत खोचलेलं. मर्व डावखुरा होता. त्याची गाठ मी हज्जारदा सोडवली होती.

"हेझल… हे तू बांधलंस?"

ओसरीवरच्या खुर्चीतून ती हसली. "या बोटांनी? मला चहाचा कप धरवत नाही, पोरी. तो कधी आळशी नव्हता… तू काप."

पळून जावंसं वाटलं. पण लिनेट संध्याकाळी आईला न्यायला गाडी घेऊन येणार होती. मी मान खाली घालून कापत राहिले. शेवटची पेंढी पडली तरी सळसळ थांबली नाही. ती आता ओसरीवरून येत होती.

हेझल डोळे मिटून बसली होती. मांडीवरचं पांघरूण घसरलं होतं आणि तिच्या कमरेला निळी दोरी होती. घट्ट. उलटी गाठ.

माझ्या हातात कात्री होती. ती खाली ठेवली आणि नखं तुटेपर्यंत गाठ सोडवली. हेझल पुटपुटली, "राहू दे… तो परत बांधेल."

लिनेटला मी काही सांगितलं नाही. काय सांगणार होते? हेझल त्याच संध्याकाळी मेलबर्नला गेली. लेकीचं घर उंच इमारतीत आहे, खिडकीतही एक कुंडी नाही. तिथे ती आता पडणार नाही, या विचाराने मला बरं वाटलं.

सकाळी लिनेटचा फोन आला. आई झोपेतच गेली होती. थोडा वेळ ती रडली, मग तिने हळूच विचारलं.

"डॉट, आईच्या कमरेला ही दोरी कोणी बांधली? आणि अंथरुणभर हे वाळकं गवत… बुडाशी कापलेलं…"