सहा नंबरची तार

ही हकिकत माझ्या मामांची, धर्मपालमामांची. तिला तिखटमीठ लावायची माझी हिंमत नाही. 

साल १९६१. मे महिना. अकोल्याकडचं एक लहान तारघर. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही.

आणि वेळ रात्रीची नव्हती... भर दुपारची होती.

मामा तिथे तारबाबू होते. अमरावतीहून तारा रांगेनं, नंबर लावून यायच्या. यंत्र कट्ट-कडकट्ट वाजायचं, मामा ऐकून कागदावर उतरवायचे. लिहून झालं की उलट पोच वाजवायची. पोच मिळाली की पलीकडचा पुढची तार सोडायचा. नाही मिळाली, तर तीच तार पुन्हा.

पलीकडे बसायचा देवमन. मामांचा जिवाभावाचा दोस्त. रोज सुरुवातीला तो एकच शब्द वाजवायचा... जयभीम. त्याचा हात मामा झोपेतही ओळखायचे.

मामांना आपल्या कानाचा भारी गर्व. ते आधी पोच देऊन टाकायचे आणि मग आठवून लिहायचे. रांग भराभर सरायची, साहेब खूश व्हायचे. पण अति तिथे माती!

त्या सोमवारी सहा तारा आल्या. मामांनी सहा वेळा पोच दिली. सहावी वाजत असतानाच खिडकीशी एक गिऱ्हाईक भांडायला उभं राहिलं...

कागदावर पाचच तारा उतरल्या.

धड न ऐकताच पोच दिलेली सहावी डोक्यातून पार निघून गेली.

सोमवारनंतर पलीकडून जयभीम आलं नव्हतं; मामांना वाटलं, देवमन रजेवर असेल. गुरुवारी एसटीतून आलेल्या एका माणसानं बातमी आणली. देवमन तापानं गेला.

त्याची म्हातारी आई, इंदूबाई, मामांच्याच गावात राहायची. ती अमरावतीला पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

परतल्यावर ती रोज तारघराच्या पायरीवर येऊन बसायची.

“बाबू, माहा पोट्टा तापानं फणफणला, अन् त्यानं मले एक तार नाही धाडली? काहून रे? माय आठवली नसंल का त्याले?”

मामांना तरी कुठे माहीत होतं!

मग वादळ आलं. तारेचे तीन खांब आडवे झाले. यंत्र मुकं पडलं.

तिसऱ्या दिवशी, दुपारी दोनला...

कट्ट.

मामांना वाटलं, पाल पडली असेल.

कट्ट... कडकट्ट...

जयभीम.

हात देवमनचा होता.

 यंत्र पुढे वाजलं... नंबर सहा.

त्यांनी घाईघाईनं पोच दिली. यंत्र थांबलं.

आणि पुन्हा... नंबर सहा.

पुन्हा पोच दिली. पुन्हा नंबर सहा. नुसत्या पोचेवर तो भागवून घेईना.

शेवटी मामांनी पेन्सिल उचलली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी पोच न देता आधी लिहून घेतलं.

‘इंदूबाईस. आई, ताप उतरत नाही. लवकर ये. देवमन.’

मग पोच दिली. यंत्र गप्प झालं.

मामांना तो सोमवार आठवला. खिडकीतलं भांडण आठवलं. सहावी कागदावर उतरलीच नव्हती, हे तेव्हा कळलं.

कागद घेऊन ते धावतच इंदूबाईकडे गेले. वाचून दाखवला.

म्हातारीनं तो कागद छातीशी धरला.

“म्हंजे त्यानं बलावलं होतं मले.”

“हो मावशी. चूक माही हाय. तार माह्याच हातून राह्यली.”

शिव्या दिल्या असत्या तर मामांना बरं वाटलं असतं. पण तिनं कागदाची नीट घडी घालून तो कमरेला खोचला.

“मंग जवाब धाड त्याले. म्हन, माय येऊन राहिली.”

“मावशी, लाईन तुटेल हाय...”

“त्याची आली ना? मंग माही बी जाईल. धाड.”

मामा तसेच तारघरात परतले. तुटलेल्या लाईनवर त्यांनी तिचा जबाब वाजवला.

मामा यंत्रापुढून उठले नाहीत.

आणि मग... पलीकडून पोच आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंदूबाईचं दार उघडलं नाही. शेजाऱ्यांनी कडी तोडली. ती धुतलेलं लुगडं नेसून झोपली होती. उशाशी प्रवासाचं गाठोडं बांधून ठेवलेलं. अंग थंड पडलेलं.

“जवाब म्या धाडला नसता तर...?” मामा मला शेवटपर्यंत विचारायचे.



म्हातारपणी त्यांना कुणी हाक मारली, तर ते लगेच ओ द्यायचे नाहीत. हाक कुणाची आहे, काय म्हणतंय, ते पुरतं ऐकून घ्यायचे. आणि कधीकधी, भर दुपारी, घरात कुणीच बोललेलं नसताना... ते पेन्सिल मागायचे.