संकल्पातलं नाव

"हा कैलास, आणि ही ती खिंड, जिच्या धास्तीनं आमच्या बाईसाहेब घरी बसल्या," मधुकरराव टीव्हीवर फोटो सरकवत म्हणाले, आणि परदेशात, रोटोटुनातल्या त्या घरी चहाला आलेली दोन्ही कुटुंबं हसली. त्या बाईसाहेब, म्हणजे त्यांची बायको विभावरी, पोहे वाढत राहिली.

दोघांनी दोन वर्षं नदीकाठी रोज आठ किलोमीटर चालून तयारी केली होती. भारत सरकारच्या कैलास यात्रेच्या सोडतीला भारतीय पासपोर्टच लागतो, म्हणून मुलगा सुयश कितीही मागे लागला तरी त्यांनी इथलं नागरिकत्व घेतलं नव्हतं. नावं एकदम लागली, तीही शेवटच्या संधीला, कारण पुढच्या वर्षी दोघंही सत्तरीची मर्यादा ओलांडणार होते. आणि निघायला आठ दिवस उरले असताना विभावरीनं सांगून टाकलं, "माझ्यानं नाही चालवणार. तुम्ही जा." खरं कारण कळतं तर त्यांनीही पाऊल उचललं नसतं... त्यांचा जीव त्या पर्वतात किती अडकलाय, हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक? ते चिडून गेले, आणि परत आल्यावरही कामापुरतंच बोलत होते.

"बाबा, आई घाबरल्या नव्हत्या," सोफ्यावरून सिद्धी, त्यांची सून, म्हणाली. "तुम्ही निघायच्या आधी मला तिसऱ्या महिन्यात ब्लीडिंग झालं. मिडवाइफनं बेडरेस्ट सांगितली. आधी दोनदा गेलंय, म्हणून मीच आईंना शपथ घातली, मोठं स्कॅन होईपर्यंत बाबांनासुद्धा सांगू नका. काल झालं स्कॅन. बाळ छान आहे."

पाहुण्यांनी कसाबसा चहा संपवून काढता पाय घेतला. मधुकरराव स्वयंपाकघरात येऊन ओट्यापाशी उभे राहिले.

"विभा, मानसरोवराकाठी गुरुजींनी संकल्पात घालायला बायकोचं नाव विचारलं. मी म्हटलं, घेऊ नका."

विभावरीनं हातातली बशी खाली ठेवली. इतके दिवस गिळलेलं सगळं वर आलं आणि ती ओट्याला टेकून रडली. कैलास हुकला याचं नव्हे, तिथे आपलं नावही पोचू दिलं गेलं नाही याचं ते रडू होतं.

"चुकलो मी," ते म्हणाले. "तीन दिवस परिक्रमा केली, पण एकदाही मनापासून हात जोडले गेले नाहीत. सगळ्या वाटेनं तुझ्यावरच रागावत होतो."

तिनं पदरानं डोळे पुसले, त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"म्हणजे आपल्यातलं कुणीच गेलं नाही," ती म्हणाली, आणि त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.