थांबा, परत म्हणा

लाइट येईपर्यंत गोष्ट ऐकायची ना, मग तो मोबाइल बंद कर, कुंदन. आणि मध्ये कुणी बोलायचं नाही. मध्ये थांबवणाऱ्यांचा मला राग येतो. का, ते कळेलच.

आपल्या पंचवटीत लग्नाचे व्हिडिओ करून देणारा शेखर आहे ना, त्याच्याकडे गेल्या वर्षी फेब्रुवारीत पेठहून माझ्या ओळखीच्या छायाबाई आल्या होत्या. बरोबर त्यांची आई, चिमणाबाई. म्हातारी धवळेरी होती. त्यांच्या आदिवासी समाजात लग्न भटजी लावत नाही, धवळेरी लावते, गाणी म्हणून. डॉक्टरांनी हात टेकले होते. नात रोशनीचं लग्न मे महिन्यात, आणि तोवर आपण नसू हे म्हातारीला ठाऊक होतं. निदान आपला आवाज मांडवात असावा, एवढ्यासाठी धापा टाकत एसटीने आल्या होत्या.

शेखरच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स मीच टाकून दिलेलं. तेव्हाच बजावलं होतं, रेकॉर्डिंग करताना व्हिडिओ रेंडरला, म्हणजे जोडून तयार व्हायला, लावू नकोस. प्रोसेसर तिकडे जुंपला की आवाज गचके खातो, त्याचे तुकडे पडतात. या शहाण्याने नेमका त्याच दिवशी कुणाच्या तरी लग्नाचा व्हिडिओ लावून ठेवलेला. म्हातारी गायला लागली की आवाज तुटायचा. मग रेंडर बंद करायचं सोडून हा तिलाच थांबवायचा.

“थांबा. परत म्हणा.”

चिमणाबाई एवढंच म्हणाल्या, “बाबा, उचललेलं गाणं मधी तोडायचं नाय.”

तरी याने नऊ वेळा तोडलं. दहाव्यांदा त्यांनी नेटाने पुरं केलं, तेही तुकड्यातुकड्यांनीच टिपलं गेलं. चौथ्या दिवशी त्या गेल्या. छायाबाईंनी मला हे सांगितलं तेव्हा माझं डोकं फिरलं. आजही फिरतं. एक बटण दाबायचं होतं रे. एक.

वीस फेब्रुवारी, गुरुवार. रात्री अकरा चाळीसला शेखरचा फोन आला. सकाळी छायाबाई रेकॉर्डिंग न्यायला येणार होत्या आणि गाणं जागोजागी तुटत होतं. मी आधी त्याला यथेच्छ झापलं. जे टिपलंच गेलं नाही ते आता कुठून आणणार, म्हटलं. पण छायाबाईंचा चेहरा डोळ्यांसमोर आला. कदाचित वाजवतानाच तुटत असेल, या आशेवर एकेक सांगत गेलो. रेंडर बंद कर. बफर वाढव. टर्मिनल उघड, प्रोसेसर कोण खातंय ते बघ.

“काका, सगळं बंद केलंय. पण एक प्रोग्राम शंभर टक्के खातोय. त्याला नावच नाही.”

किल कर, बंद पाड त्याला, म्हटलं.

“केला... परत आला.”

फोनमधून कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर येत होती. मग गाणं. एक शब्द... काही नाही. एक शब्द... काही नाही.

मग नुसतंच काही नाही.

मग बाईचा आवाज. सावकाश.

“थांब. परत म्हण.”

शेखर कुजबुजला, “काका... स्पीकर बंद आहेत.”

“परत म्हण.”

आणि शेखर गायला लागला. धवळेरीचं गाणं. त्याला त्यातला एक शब्द येत नव्हता, पोरांनो. मध्येच थांबायचा. धाप लागायची. परत पहिल्यापासून. मी हाका मारत होतो... ऐकू जात नव्हत्या. नऊ वेळा थांबला.

दहाव्यांदा सुरू झाला... आणि फोन कट.

सकाळी मी आणि छायाबाई बरोबरच पोचलो. दार उघडं, कॉम्प्युटर चालू, शेखर खुर्चीत भिंतीकडे बघत बसलेला. छायाबाईंनीच गाणं लावलं. चिमणाबाईंचा आवाज. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, कुठेही न तुटता. छायाबाई तिथेच खाली बसून रडल्या.

मे महिन्यात त्याच गाण्यावर रोशनीचं लग्न लागलं. शेखरही आला होता. छायाबाईंनी त्याचे आभार मानले. तो बोलायला गेला.

“मी... ... का... ... नाही...”

मधल्या जागी ओठ हलत होते. आवाज नव्हता. अजून तसंच बोलतो. मला त्याची कीव यायला हवी. येत नाही.

डॉक्टरांनी दोनदा तपासलं. गळा ठणठणीत आहे.