गप्प चाक

बाप-लेकीच्या त्या कारखान्यात पंपाची चाकं तयार होत. पंपाच्या पोटात गरगर फिरून पाणी पुढे ढकलणारं, वाकड्या पात्यांचं ते चाक. ओतीव काम बाहेरून यायचं. पात्यात तोंड दिसेपर्यंत घासायचं ते इथे. आणि घासण्यात बाबांचा हात धरणारा कुणी नव्हता. इतरांची चाकं वाळवी लागल्यासारखी कुरतडलेली परत येत, बाबांची वर्षानुवर्षं फिरूनही तशीच गुळगुळीत. लोक तोंडात बोटं घालत. बाबा नाक वर करून म्हणत, "विशेष काही नाही हो. शेवटी एकदा अंगठा फिरवतो, बस्स."

त्या अंगठ्याला कायम चिंधी गुंडाळलेली असे. घासणाऱ्याचा हात, चिरा पडणारच, म्हणून घरात कुणी कधी विचारलं नाही.

घरात लेकीला 'शेंडेफळ' म्हणत, तिने पस्तिशी ओलांडली तरी. पण आजचं चाक शेंडेफळाचं एकटीचं होतं. पहिल्या कानशीपासून शेवटच्या पॉलिशपर्यंत तिने बाबांना जवळ फिरकू दिलं नव्हतं. चाचणीत ते गप्प राहिलं, तर कारखान्याच्या प्रत्येक चाकावर ठोकायचा पोलादी ठसा तिच्या हाती येणार होता. बोललं, तर पुन्हा बाबांच्या हाताखाली.

चाक बोलतं ते असं. पाणी पात्याच्या कडेवरून वेगाने घसरलं की तिथला दाब उतरतो. फारच उतरला तर पाणी थंडच्या थंड उकळायला लागतं, बारीक बुडबुडे धरतात. ते पुढे जास्त दाबात शिरले की फटाफट मिटतात, आणि मिटताना प्रत्येक जण धातूवर टिचकीभर घाव घालून जातो. बाहेरून ऐकणाऱ्याला पंपातून खडी वाहतेय असं वाटतं. पण पाणी उगाच फाटत नाही, त्याला निमित्त लागतं. एखादा ओरखडा, त्यात अडकलेली कणभर हवा. शेंडेफळाने डोळ्यांत तेल घालून ती निमित्तं संपवली होती, आणि तिला स्वतःचा भयंकर अभिमान वाटत होता.

चाचणीची खोली उंच, ओलसर, दुपारच्या उन्हाने भरलेली. पंपाला जाड काचेची खिडकी होती आणि तिच्यावर लुकलुकणारा दिवा, त्याच्या उजेडात फिरती पाती जागच्या जागी थांबल्यासारखी दिसत. चाचणीच्या इंजिनिअर बाई आखूड केसांच्या, मितभाषी. बाबा भिंतीशी स्टुलावर बसले, उजवा हात कोटाच्या खिशात.

"टाकीतली हवा खेचत जाते," बाई म्हणाल्या. "दाब उतरेल. कुठे सुरू होतं ते बघू."

दाबाच्या घड्याळाचा काटा उतरला. पाती स्वच्छ. आणखी उतरला. एरवी इथे कडेवर बुडबुड्यांची पांढरी रेघ उमटते, असं बाई म्हणाल्या. रेघ नव्हती. शेंडेफळाने पितळी दांडी पंपाच्या अंगाला टेकवून दुसरं टोक कानाला लावलं. आत नुसती पाण्याची सळसळ.

"तुमचं काम नंबरी आहे हं," बाई म्हणाल्या. शेंडेफळाची मान ताठ झाली.

काटा आणखी खाली गेला. बाईंच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी घड्याळावर टिचकी मारली, दुसरं घड्याळ पाहिलं. दोन्ही एकच सांगत होती.

"इथे तर कुठलंही चाक बोलायलाच हवं," त्या हळूच म्हणाल्या. "पाणीच बोलतं इथे."

तेवढ्यात शेंडेफळाला खडी ऐकू आली. बारीक, कोरडी, करकरणारी. तिने दांडी पुन्हा टेकवली. पंप गप्प होता.

दांडी काढली. खडी वाजतच होती. पाठीमागून.

बाबांचे ओठ घट्ट मिटलेले होते. कपाळावर घाम. आवाज त्यांच्या कोटाच्या खिशातून येत होता.

ती जवळ गेली. "बाबा, तुम्ही माझ्या चाकाला हात लावलात?"

"काल संध्याकाळी," ते म्हणाले. "नुसता अंगठा. तुझं पहिलंच, म्हटलं..."

"थांबवायला सांगू?"

"खुळी का काय? चालू दे."

काटा उतरत होता, आवाज वाढत होता. एक शब्द पुरला असता. पण काचेमागे तिची पाती कशी लखलखत होती! ती पुन्हा काचेकडे वळली.

बाईंनी शेवटी पंप थांबवला. खिशातला आवाजही थांबला. "मला पटत नाही," त्या म्हणाल्या. "राग मानू नका. चाक काढून, पुसून, पुन्हा बसवू. तासाभराने परत चालवू." आणि त्या दुसरी घड्याळं आणायला गेल्या.

बाबांनी ठसा तिच्यापुढे धरला. चिंधी सुटली होती. अंगठ्याला टोकच उरलं नव्हतं. होतं ते चाळणीसारखं कुरतडलेलं, खड्ड्याखड्ड्यांचं, आणि प्रत्येक खड्ड्याचा तळ नव्या धातूसारखा चमकत होता. रक्ताचा थेंब नाही.

"घे. जिंकलीस," ते म्हणाले. डोळ्यांत पाणी आणि छाती ही एवढी फुगलेली.

तिला भडभडून आलं. पाठोपाठ रागही आला, आणि राग जास्त होता. "मी कुठे जिंकले? तुमचा अंगठा जिंकला."

"चाक तुझंच आहे ग."

"मग तुमचं त्यावर काही नको."

तिने चाक बाकावर घेतलं. कपडा भिजवून पाती पुसली, एक एक कड, बाबांचा स्पर्श जिथे जिथे पडला असेल तिथे तिथे. क्षणभर थांबली. मग आपला उजवा अंगठा पहिल्या पात्याच्या कडेवर ठेवला आणि सावकाश फिरवला. मग पुढच्या. सगळ्या.

बाबा बघत राहिले. त्यांनी तिला अडवलं नाही.

पंप सुरू झाला. काटा उतरला, आणि उतरत गेला.

"काय बाई हात आहे तुमचा!" बाई म्हणाल्या. आता त्यांची खात्री पटली होती.

स्टुलावर बाबा उघड्या हाताने बसले होते, कितीतरी वर्षांनी निवांत. त्यांच्या बाजूने काही आवाज नव्हता.

शेंडेफळाने मान ताठ ठेवली आणि उजवा हात खिशात घातला.