आप्पांचा लोखंडी टब

हातगाडीचा दोर तुटला आणि लोखंडी टब घसरत थेट कृष्णवेणीच्या अंगावर यायला लागला. ती फाटकातच खिळून उभी. तोंडून जेमतेम "आई गं" निघालं... आणि तेवढ्यात रस्त्यानं चाललेल्या कुणीतरी टबाला खांदा लावला.

"मराठी?" टबाच्या पलीकडून धापा टाकत त्यानं विचारलं. "इथे मद्रासला, मैलापुरात?"

"तंजावरचे आम्ही, पिढ्यान् पिढ्या," ती म्हणाली. "तुम्ही आधी टब सांभाळा."

तो रत्नाकर दांडेकर, मूळचा रत्नागिरीचा, पेरंबूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात नव्यानं लागलेला. आणि टब तिच्या वडिलांचा, शेषगिरीरावांचा. डॉक्टरांनी गुडघ्यांना गरम पाण्याचा शेक सांगितला, तर आप्पा जॉर्ज टाउनच्या लिलावात जाऊन विलायतेला परत निघालेल्या कुणा साहेबाचा टबच घेऊन आले. नळवाल्याला त्यांनी इतक्या सूचना दिल्या की तो हत्यारं गुंडाळून चालता झाला. मग आप्पा म्हणाले, आपणच बसवू. आपण म्हणजे कोण, तर कृष्णवेणी. आणि आता हा वाटेवरचा रत्नाकरही, रविवारी येतो म्हणून कबूल होऊन बसलेला.

तो एका रविवारी आला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या... न्हाणीघराची जमीन मोरीकडे उतरती, त्यामुळे टब काही केल्या नीट बसेना. रत्नाकर पायांखाली विटेचे तुकडे सरकवायचा, पाणसळ लावून पातळी बघायचा, मान हलवायचा. ती कंदील धरून उभी. एकदा टब कलला आणि तिची बोटं खाली जाणार, तोच त्यानं तिचं मनगट धरून मागे ओढलं. ओढलं ते ओढलं, सोडायचं मात्र विसरला.

"घाबरलात?"

"हो."

"टबाला?"

"नाही," ती म्हणाली आणि भरलेली बादली पुन्हा भरायला विहिरीकडे पळाली.

भीती होती ती आप्पांची. मुंबई-पुण्याकडची दोन चांगली स्थळं त्यांनी तोंडावर नाकारली होती. तिकडची माणसं आज इथे, उद्या बदली, पोरगी दिली की गेली, असं त्यांचं ठाम मत. आईमागे त्यांना हिच्याशिवाय होतं कोण? एकदा नाही म्हटलं की त्यांना हलवायची कुणाची टाप नव्हती.

पाइपाच्या सांध्यावर ताग आणि सफेदा लावून झाला, पाणी सोडलं, एक थेंब गळला नाही. तेव्हा रत्नाकर हात पुसत हळूच म्हणाला, "शनिवारी आप्पा खूष होऊन टबातून बाहेर आले, की मी त्यांना विचारणार."

"काय?"

"ते तुम्हांला माहीत आहे..."

इतक्यात नको, तिनं विनवलं. ते नाही म्हणाले तर या घराचं फाटक तुम्हांला कायमचं बंद होईल.

"मग किती दिवस टब बसवत राहू?" तो हसला. तिला मात्र हसू येईना.

शनिवार उजाडला. रत्नाकर इस्त्रीचा शर्ट घालून ओसरीवर बसला. आप्पा न्हाणीघरात शिरले, आतून कडी घातली. थोड्या वेळानं धप्पकन आवाज झाला. मग काहीच नाही.

"आप्पा?"... उत्तर नाही. कृष्णवेणीनं दार धडाधडा वाजवलं. आपण हौसेनं बसवलेल्या टबानं आपल्याच बापाचा जीव घेतला, असंच तिच्या मनात आलं.

"अंगाला तेल लावून गेलेत का ते?" रत्नाकरनं विचारलं. तिनं मान डोलावली, तसा त्याचा चेहरा पडला. त्याच्या घरी अभ्यंग म्हणजे वर्षातून एकदा, दिवाळीला. इथे दर शनिवारी, डोक्यापासून पायापर्यंत तीळतेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. आणि तिचा सगळा जन्म खरबरीत फरशीवर न्हाणं बघण्यात गेलेला. गुळगुळीत टबात तेलाचं काय होईल हे तिलाही सुचलं नाही.

स्टूल ठेवून तो वरच्या झरोक्यातून आत उतरला. पुन्हा धप्प. मग मात्र आप्पांचा आवाज आला, चांगला खणखणीत. अय्यो, पंचा दे आधी, पंचा! कृष्णवेणी दाराला टेकून रडायला लागली. जिवंत होते आप्पा. लागलं नव्हतं, उठता येत नव्हतं एवढंच, आणि लाजेनं हाक मारत नव्हते.

आत दोघांची झटापट चालली. एक उठवायला जाई, दोघेही तेलानं माखून घसरत. आप्पांचा पारा चढत होता. हा टब, ही तुझी कारागिरी, यापुढे या घरात पाऊल टाकायचं नाही...

आता दार उघडेल, रत्नाकर मान खाली घालून निघून जाईल, आणि आपण नेहमीसारखं गप्प राहू. ही भीती तिला सगळ्या भीतींपेक्षा मोठी वाटली. दार बंद होतं. आप्पांचा चेहरा दिसत नव्हता. दिसला असता तर तिची जीभ कधीच उचलली नसती.

"आप्पा," ती दाराच्या फटीशी म्हणाली, "त्यांना घालवू नका. मला त्यांच्याशीच लग्न करायचंय."

आतली झटापट थांबली. पाण्याचासुद्धा आवाज येईना. ती डोळे मिटून थांबली.

"हा मुलगा," आप्पा सावकाश म्हणाले, "तुज घेऊन जाईल दूर. मज ते भय वाटते."

"मलाही वाटतं, आप्पा..."

"मी बदली मागणार नाही," रत्नाकरचा आवाज आला. "आणि झाली, तर तुम्हीही आमच्याबरोबर चला."

मग कडी सरकली. दार बोटभर उघडलं आणि फटीतून आप्पांचा तेलकट हात बाहेर आला.

"शिकेकाई आण," ते म्हणाले. "दोघांपुरती."