फोटो तिचा, कौतुक त्याचं

आपलाच चेहरा माणसाएवढा मोठा छापलेला बघायची सवय कुणालाच नसते, त्यामुळे भिंगरी आधी दचकली. मग तिने फोटोतले स्वतःचे दात न्याहाळले, केस बरे आलेत म्हणून खूश झाली, आणि मग कुठे तिचं लक्ष खालच्या ओळीकडे गेलं.

‘माझी सर्वांत अभिमानाची गोष्ट : अर्धांगवायूने वाचा गेलेले एक आजोबा वर्षभराच्या सरावानंतर पुन्हा बोलू लागले. त्यांचा पहिला शब्द होता – पुरे.’

“कोण आजोबा?” भिंगरी मोठ्यांदा म्हणाली. “मी कुठल्या आजोबांना बोलतं केलं?”

“मी केलं,” शेजारून आवाज आला. “म्हणजे... केलं त्यांनीच. मी नुसता समोर बसायचो.”

तिने वळून पाहिलं. शर्टाच्या बाह्या दुमडलेला, जरासा वाकून उभा राहणारा एक उंच तरुण. ओठ गंभीर, पण डोळे हसत होते, आणि ते आपल्याला हसतायत की आपल्याकडे बघून हसतायत हे काही तिला ठरवता येईना.

“आणि तिकडच्या भिंतीवर,” तो सावकाश म्हणाला, “माझ्या फोटोखाली लिहिलंय की मी ओढ्यावर—”

“पूल! माझा पूल!” भिंगरी ओरडली आणि त्याचं उरलेलं वाक्य तिथेच टाकून पळाली.

पळण्यासारखंच होतं. विद्यापीठातून त्या वर्षी बाहेर पडणाऱ्या निवडक गुणवंतांचे फलक मुख्य इमारतीच्या लांबलचक व्हरांड्यात लागले होते. प्रत्येकाचा फोटो, आणि खाली ज्याच्या-त्याच्या शब्दांत सर्वांत अभिमानाची गोष्ट. भिंगरी स्थापत्य अभियांत्रिकीची. विद्यापीठामागच्या ओढ्यावर तिच्या आराखड्यावरून पादचारी पूल झाला होता, आणि पलीकडच्या शाळेतली पोरं आता लांबचा वळसा न घालता दप्तरं उडवत त्यावरून जात होती. तो पूल आता एका वाचा-उपचारवाल्याच्या फोटोखाली उभा होता.

माहिती कक्षातल्या बाईंनी कपाळाला हात लावला. “छापखान्यात अदलाबदल झाली गं. नवे फलक यायला वेळ लागेल, पण सोहळ्याआधी लावते. नक्की!”

खरं नाव काहीही असो, भिंगरीला सगळे भिंगरीच म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. तिचे पाय ठरत नसत तशी जीभही. समोरच्याने वाक्याला सुरुवात करावी आणि शेवट हिने करून टाकावा, हे अगदी लहानपणापासूनचं. “मला बोलू देशील का बये?” हे तिच्या आईचं दिवसातून निदान दोनदा म्हणून झालेलं असे. भिंगरीला मात्र वाटे, आपण लोकांचा वेळ वाचवतो.

दुसऱ्या दिवशी भलतंच झालं. कॅन्टीनच्या दाराशी एका साठीच्या बाईंनी तिचा हात घट्ट धरला. त्यांचे यजमान निवृत्त बसचालक. काही महिन्यांपूर्वी झटका आला आणि तोंडातून शब्द फुटेनासा झाला. “पोरी, तुझा फोटो पाहिला. तू त्या आजोबांना बोलतं केलंस ना? आमच्या ह्यांच्याकडे बघशील?”

भिंगरीने ‘मी नव्हे’ म्हणायला तोंड उघडलं. पण बाईंच्या डोळ्यांत इतकी आस होती की तिला ते म्हणवेना. ती त्यांना सरळ वाचा-उपचार विभागात घेऊन गेली.

“डॉक्टर, तुमचं गिऱ्हाईक माझ्याकडे आलं होतं,” ती दारातून म्हणाली.

“मी डॉक्टर नाही.” तो उठून उभा राहिला. “आणि बरं झालं आलात, इंजिनीअर. तुमचं एक गिऱ्हाईक सकाळपासून माझ्या मानगुटीवर बसलंय. वसतिगृहाचे अधीक्षक. भिंतीला तडा गेलाय म्हणतात. मी त्यांना सांगितलं, गरम पाण्याच्या गुळण्या करा.”

भिंगरी इतकी हसली की बसचालकांच्या पत्नीही हसल्या.

मग ते रोजचंच झालं. कुणाचा भाचा अडखळत बोलतो, कुणाच्या वडिलांना शब्द आठवत नाहीत – लोक भिंगरीला गाठत. कुणाची गच्ची गळते, कुणाचा जिना हलतो – लोक त्याला गाठत. ती त्याच्याकडे माणसं पोचवी, तो तिच्याकडे. विचारणारे निघून गेले की दोघं मागे उरत, आणि मग निघायला उगीचच उशीर होई. भिंगरीला स्वतःचं नवल वाटे. आपल्या पुलाचं श्रेय भलताच माणूस खातोय, आणि आपल्याला राग कसा तो येत नाही?

एकदा तो तिला ग्रंथालयाच्या तळघरात घेऊन गेला. ग्रंथपालांना छताची धास्ती वाटत होती. भिंगरी स्टुलावर चढली, बोटाने पोपडे खरवडले, तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने बारीक रेघ मारली आणि शेजारी तारीख टाकली.

“हे कशाला?” त्याने खालून विचारलं. स्टूल त्याने दोन्ही हातांनी धरलं होतं. ते हलत मुळीच नव्हतं, तरी धरलं होतं.

“तडा जागच्या जागी आहे की वाढतोय ते कळतं. खूण ओलांडून पुढे गेला तर मनावर घ्यायचं. नाहीतर नुसतं रंगवून टाकायचं.”

“सोपं आहे.”

“सोपंच असतं. लोक उगीच घाबरतात.”

उतरताना तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ठेवायची गरज नव्हती. तळघरात जुन्या कागदांचा वास होता, वरच्या झरोक्यातून उन्हाची एक तिरीप त्याच्या कानावर पडली होती आणि तो कान लाल झाला होता.

“इंजिनीअर,” तो म्हणाला, “मला कधीपासून असं वाटतंय की आपण—”

“अधीक्षकांचा तडा आजच बघून टाकावा! चला, मलाही तेच वाटत होतं.”

तो क्षणभर गप्प झाला. “हो,” म्हणाला. “तेच.”

आता ह्यात गप्प होण्यासारखं काय होतं? भिंगरी वसतिगृहापर्यंत डोकं खाजवत गेली.

बसचालक काकांचा सराव बघायला ती एकदा सहज म्हणून थांबली. छोटीशी खोली, दोन खुर्च्या, टेबलावर चित्रांचे पत्ते. तो एक चित्र उचलून काकांपुढे धरी आणि थांबे. काकांचे ओठ हलत, कपाळावरची शीर फुगे, शब्द येता येत नसे. खिडकीचं चित्र आलं तसं काकूंना राहवेना. “खिडकी! म्हणा ना, खिडकी!”

“काकू,” तो हळूच म्हणाला, “त्यांना माहितीये ती खिडकी आहे. त्यांचा शब्द तुम्ही उचललात तर त्यांच्याकडे काय उरलं? थांबायचं. कितीही जिवावर आलं तरी.”

सगळे थांबले. भिंगरीला ते थांबणं अगदी असह्य झालं, जीभ दातांखाली दाबून धरावी लागली. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. आणि मग काका म्हणाले, “खि... डकी.” काकूंनी तोंडाला पदर लावला. तो नुसता काकांकडे बघत राहिला, आपल्यालाच काहीतरी मिळाल्यासारखा. त्याला तसं बघताना भिंगरीच्या पोटात खड्डा पडला, आणि भूक लागली असेल असं समजून ती कॅन्टीनमध्ये गेली. खाऊन काही फरक पडला नाही.

त्याच आठवड्यात तिला नोकरीचं पत्र आलं. पूल बांधणारी मोठी कंपनी, पण शहर आगगाडीने दीड दिवसाच्या अंतरावर. सोहळ्याच्या दुसऱ्या सकाळी निघायचं. हीच नोकरी तिला हवी होती. मग ती नाचली का नाही?

तिने त्याला व्हरांड्यात गाठून सांगितलं. 

“अभिनंदन,” तो म्हणाला. “खरंच. पण मग तुम्ही... म्हणजे आपलं हे—”

“गिऱ्हाइकांचं ना? आता ज्याचं त्याने बघायचं! फलकही बदलतीलच.”

“हो,” तो म्हणाला. “बदलतीलच.” आणि निघून गेला. वळूनही बघितलं नाही.

“मला त्याचं काही कळतच नाही,” संध्याकाळी ती फोनवर आईला म्हणाली. “आवडत असेन तर बोलेल ना माणूस? दुसऱ्यांना बोलायला शिकवतो आणि स्वतःच्या तोंडात मिठाची गुळणी! उद्याचा सोहळा झाला की मी चालले. मग काय, आयुष्यभर कोडं सोडवत बसू?”

“अगं पण तू त्याला—”

“विचारलं नाही, हो! मी कशी विचारू?”

आईने सुस्कारा टाकला. “मला बोलू देशील का बये?”

भिंगरीने तेही ऐकून घेतलं नाही.

तिने आणखी एक वेडेपणा केला होता, तो आईलासुद्धा सांगितला नव्हता. ती माहिती कक्षात जाऊन बाईंना म्हणाली होती, “फलकांची तशी घाई नाही हं.” बाई चष्म्यावरून बघत राहिल्या. “तुम्हा दोघांचं काय चाललंय? तो मुलगाही परवा हेच सांगून गेला.” भिंगरीने लगेच निष्कर्ष काढला. त्याला पुलाचं कौतुक गोड लागत असणार, दुसरं काय! निष्कर्ष काढून झाल्यावरही तो तिला काही पटला नाही.

सोहळ्याच्या दिवशी फलक बदलले होते. तिच्या दातांखाली तिचाच पूल होता. लोक आले, हात मिळवले, पुलाबद्दल बोलले. जे जिथे असायला हवं ते तिथे होतं, आणि भिंगरीला रडू येत होतं. आता आजोबांबद्दल कुणी विचारणार नव्हतं. त्या छोट्या खोलीत जायला आता काही निमित्त नव्हतं.

व्यासपीठावर एकेकाचं नाव आणि अभिमानाची गोष्ट वाचली गेली. त्याची गोष्ट वाचली तेव्हा सभागृहात शेवटच्या रांगेत कुणीतरी खणखणीत आवाजात म्हणालं, “पुरे!” ते स्वतः आजोबाच होते. सगळे हसले, टाळ्या थांबेनात. भिंगरीने तळहात लाल होईपर्यंत वाजवल्या.

नंतर व्हरांड्यात गर्दी झाली. कुणाचे आईवडील, कुणाचे कॅमेरे, काखोटीला मारलेले काळे झगे. त्या गर्दीतून वाट काढत तो तिच्या फलकापाशी आला. आज त्याच्या डोळ्यांत हसू नव्हतं.

“इंजिनीअर,” तो म्हणाला, “मला...”

“गाडीची वेळ—”

भिंगरीने जीभ चावली. खरोखरच चावली, कळ डोक्यात गेली. आणि त्या कळेबरोबर तिला तळघर आठवलं. ‘असं वाटतंय की आपण...’ व्हरांडा आठवला. ‘आपलं हे...’ ती सगळी अर्धी वाक्यं तिनेच तोडली होती. एकही त्याने तिथे संपवलं नव्हतं. त्याचे शब्द ती आजवर उचलत आली होती आणि वर त्यालाच मुका म्हणत होती!

ती थांबली.

त्याचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. भिंगरीला त्या वाक्याचे निदान तीन शेवट सुचत होते, त्यातला एक तर अगदी जिभेवर. तिने दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधले. शेजारून कुणीतरी “भिंगरी, फोटो!” म्हणून हाक मारली. ती हलली नाही. एका काकांचा धक्का लागला, तरी हलली नाही. नुसती त्याच्याकडे बघत राहिली.

“मला,” तो पुन्हा म्हणाला, “असं नाही म्हणायचं की जाऊ नका. जा. पूल बांधा. पण तळघरात तुम्ही ती खूण केलीत ना... त्या दिवशी मीही मनात एक करून ठेवली. म्हटलं बघू, वाढतंय की जागच्या जागी आहे.” त्याने श्वास घेतला. “केव्हाच ओलांडून गेलंय. मला तू आवडतेस. मला... तुझा तिकडचा पहिला पूल बघायला यायचंय. त्याच्या नंतरचाही. येऊ?”

वाक्य पूर्ण झालं होतं. आता पाळी तिची होती.

आणि जन्मात पहिल्यांदाच भिंगरीला शब्द सापडेना. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, हसूही येत होतं, आणि ह्या सगळ्याच्या मधोमध आवाज कुठे गेला हे कळायला मार्ग नव्हता.

त्याने तिला काही सुचवलं नाही. ‘म्हण ना’ म्हटलं नाही. व्हरांडा हळूहळू रिकामा होत गेला, आणि तो तिच्यासमोर तसाच उभा राहिला.

खूप वेळाने ती बोलली. तिचा पहिला शब्द होता – ये.